प्राध्यापकांची सावड

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. लिहू लिहू म्हणता सेमिस्टर संपलं, पेपर तपासून झाले, आता जरा उसंत मिळालीय तर लिहूनच टाकते. नात्यातली मंडळीही इथे अधूनमधून डोकावतात, म्हणून आधीच सांगते, हे सगळं आमच्या धंद्यातलं आहे. पण सुरुवात शेतीपासून करते, म्हणजे काका लोक पहिल्याच परिच्छेदात उठून जाणार नाहीत :)

आमच्या आजोळी ज्याच्या दावणीला एकच बैल असायचा, तो दुसऱ्या एकबैल्या शेतकऱ्याशी सावड करायचा. दोघांचे बैल मिळून जोडी व्हायची. आज तुझं रान, उद्या माझं. बायकाही खुरपणीला सावडीनं जायच्या. यात पैसा नाही, उपकाराची भाषा नाही, आणि कोण मोठा कोण धाकटा हा प्रश्नही नाही. इर्जिक वेगळी. तिच्यात गावातली औतं एकाच्या रानात येतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. आणि वेठ तर त्याहून वेगळी. तिथं वरून हुकूम येतो आणि मुकाट्यानं जावं लागतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला सावडीची फार गरज असते, आणि आपल्याकडे त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा वेठ येते, कधीमधी इर्जिक येते, सावड मात्र जवळजवळ येतच नाही.

नवा सहायक प्राध्यापक रुजू होतो तेव्हा काय होतं बघा. सातव्या वेतन आयोगानुसार लेव्हल १०, मूळ पगार ५७,७००. घरच्यांना वाटतं, चला, पोरगं मार्गी लागलं. पहिल्याच दिवशी हातात वेळापत्रक पडतं आणि सोबत दोन-तीन समित्या. वर्गात साठ-सत्तर पोरं, त्यातली निम्मी कंधार-मुखेड-चाकूरकडून एसटीनं येणारी. यांना शिकवायचं कसं, हे त्याला कुणीच शिकवलेलं नसतं. प्राथमिक शाळेत शिकवायला डी.एड. लागतं, हायस्कूलला बी.एड. लागतं, आणि कॉलेजात शिकवायला? नेट-सेट किंवा पीएच.डी. म्हणजे विषय येतो याचा दाखला. शिकवता येतं याचा दाखला कुणी मागतच नाही.

सरकारला हे कळलं नव्हतं असं नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगानं देशभर अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. पुढे २०१५ मध्ये त्यांचं नाव ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर झालं आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. नावं बदलली तरी मूळ मांडणी तीच राहिली. समोर तज्ज्ञ, खाली आपण, शेवटी सर्टिफिकेट. काही व्याख्यानं खरोखर उत्तम असतात, ते नाकारायचं नाही. पण बहुतेक जण तिथं जातात ते बढतीसाठी. २०१८ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी. असलेला माणूस लेव्हल १० मधून ११ मध्ये चार वर्षांनी, मग पाच वर्षांनी १२ मध्ये, आणि आणखी तीन वर्षांनी १३ए मध्ये म्हणजे सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. कागदावर बारा वर्षं. त्या प्रत्येक पायरीवर असे कोर्स केल्याचा पुरावा लागतो. त्यामुळे कोर्सची गरज असते ती फाइलला. माणसाला ज्याची गरज असते ते बरेचदा कोर्समध्ये चहाच्या सुट्टीत मिळतं, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडून. "तुमच्याकडे हे कसं करता हो?" हा प्रश्न तिथं मोकळेपणानं विचारता येतो, कारण शेजारचा माणूस आपला साहेब नसतो.

मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. अडचण सांगायला माणूस बरोबरीचा लागतो.

विभागप्रमुखाला आपण सांगू शकतो का, की मला तृतीय वर्षाचा अमुक पेपर स्वतःलाच नीट समजलेला नाही? प्राचार्यांना सांगू शकतो का, की वर्गात मागच्या बाकावरची पोरं माझं ऐकतच नाहीत? गोपनीय अहवाल ज्याच्या हातात, त्याच्यासमोर कुणीही शहाणा माणूस असं बोलणार नाही. यात वरिष्ठ वाईट असतात असं मुळीच नाही. त्यांची जागाच तशी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नॅशनल मिशन फॉर मेंटॉरिंगची कल्पना आहे. ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांचा मोठा गट करायचा, भारतीय भाषांत शिकवू शकणारेही त्यात घ्यायचे, आणि त्यांनी विद्यापीठ-कॉलेजांतल्या शिक्षकांना मार्गदर्शन करायचं. कल्पना चांगलीच आहे. पण तीही इर्जिकच झाली! मोठ्यांनी येऊन आमच्या रानात औत धरायचं. ते गेल्यावर पुढचा पाऊस पडेल तेव्हा शेजारी कोण आहे, हा प्रश्न उरतोच.

इथे आपल्या भागातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नांदेडला प्राध्यापकांचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला नरहर कुरुंदकरांचं नाव येतं. यावंच. आधी प्रतिभा निकेतन शाळेत, मग पीपल्स कॉलेजात मराठी शिकवणारा हा माणूस मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत कशावरही अधिकारानं बोलायचा. १९८२ मध्ये गेले तेव्हा ते पीपल्सचे प्राचार्य होते आणि वयाची पन्नाशीही झालेली नव्हती. त्यांना जाऊन चार दशकं उलटली तरी त्यांच्या आठवणी सांगणारे भेटतात. पण त्या आठवणी ऐकताना मला एक खटकतं. आपण कुरुंदकरांकडे फक्त गुरू म्हणून बघतो आणि मग पुढचा कुरुंदकर कधी येतो याची वाट बघत बसतो. तसा माणूस दर दहा वर्षांनी येत नसतो. जी व्यवस्था थोर माणसाच्या येण्यावर अवलंबून असते ती बाकीच्या वर्षांत रिकामीच राहणार. साधी माणसं एकमेकांना धरून पुढे जातील, अशी काहीतरी सोय लागते.

ती सोय आपल्याच भागात, थोड्या वेगळ्या ठिकाणी, होऊन गेलीय. लातूर पॅटर्न म्हटलं की लोकांना बोर्डातले नंबर आणि मेडिकलच्या जागा आठवतात. त्याच्या बऱ्या-वाईट बाजूंवर पुष्कळ बोलून झालंय, घोकंपट्टीची टीकाही जुनीच आहे. मला त्यातली एक दुर्लक्षित बाजू दिसते. अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, जादा तास घ्यायचे, सराव परीक्षांवर परीक्षा घ्यायच्या, हे एकट्या शिक्षकाला जमणारं काम नाही. त्यासाठी एका विषयाच्या शिक्षकांनी एकत्र बसून ठरवावं लागतं. कुठला धडा कुणी घ्यायचा, पेपर कुणी काढायचा, पोरं कुठं चुकताहेत. म्हणजे अकरावी-बारावीच्या मास्तरांनी परिस्थितीपोटी का होईना, सावड केली. आणि त्याच आवारात, त्याच संस्थेच्या पदवी महाविद्यालयात? तिथं प्रत्येकाचं रान वेगळं, बांध पक्का.

राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्राम दिनी, हे विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे. ज्यांचं नाव दिलं ते स्वामीजी स्वतः हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला शिक्षक होते. निजामाच्या राज्यात मास्तरकी करणं किती एकाकी काम असेल, आणि तरीही त्या शाळांमधले शिक्षक एकमेकांच्या आधारानं उभे राहिले. म्हणजे ही कल्पना काही अमेरिकेहून आणायची गरज नाही.

अमेरिकेत मात्र तिचा अभ्यास झालाय. १९८५ मध्ये कॅथी क्रॅम आणि लिन इझाबेला या दोघींनी नोकरीतल्या बरोबरीच्या नात्यांवर एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी असे तीन प्रकारचे सोबती सांगितले. एक, ज्याच्याकडून माहिती मिळते. दुसरा, ज्याच्याशी कामाबद्दल मोकळं बोलता येतं. आणि तिसरा, ज्याच्यापुढे मनातलं सगळं ठेवता येतं, तो अर्थात विरळा. त्यांचं निरीक्षण असं, की गुरू-शिष्याचं नातं काही वर्षांनी सुटतं, बरोबरीचं नातं मात्र नोकरीभर टिकू शकतं, कारण त्यात दोघंही देतात आणि दोघंही घेतात. पुढे २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट कॅम्पसवर मेलन फाउंडेशनच्या मदतीनं याच धर्तीवर एक उपक्रम सुरू झाला. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे विद्यापीठानं जोड्या लावल्या नाहीत. प्राध्यापकांच्या छोट्या गटांना थोडे पैसे दिले आणि सांगितलं, तुम्हीच ठरवा कुणाची सोबत हवी ते. सावडच की!

आता नोकरीच्या मधल्या टप्प्याबद्दल. नव्या माणसाची अडचण निदान लोकांना दिसते. पंधरा वर्षं झालेल्याची दिसत नाही. तो आता 'सर' झालेला असतो. त्यानं विचारायचं नसतं, सांगायचं असतं. पंचेचाळिशीत घराचे हप्ते, आई-वडिलांची दुखणी, मुलाची नीटची तयारी, आणि कॉलेजात नॅकच्या फायली. संशोधन केव्हाच मागे पडलेलं. नोट्स दहा वर्षांपूर्वीच्या. त्यात २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही नवं धोरण आलं. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस... रसायनशास्त्राच्या माणसाला अचानक कौशल्याचा पेपर, इतिहासवाल्याला दुसऱ्या शाखेच्या पोरांसाठी ओपन इलेक्टिव्ह. कार्यशाळा भरपूर झाल्या. पण वर्ग निभावला तो एकमेकांना रात्री अकरा वाजता पाठवलेल्या व्हॉट्सॲप मेसेजांवर. "तू काय शिकवतोयस? पाठव की जरा."

आणि संशोधनाचं तर विचारूच नका. पैसे भरा, आठ दिवसांत पेपर छापून घ्या, अशा मासिकांचा सुळसुळाट झाला म्हणून २०१९ मध्ये यूजीसी-केअर यादी आली. २०२५ च्या सुरुवातीला आयोगानं ती यादी बंद केल्याचं जाहीर केलं. आता मासिक चांगलं की बोगस, हे संस्थेनं आणि शिक्षकानं स्वतः ओळखायचं. ज्या विभागात एकच माणूस आहे त्यानं कुणाला विचारायचं? बोगस मासिकाचा एजंट मात्र फोन करायला बरोबर तयार असतो. नव्या पोरांना त्या सापळ्यातून वाचवू शकेल असा माणूस म्हणजे दोन वर्षं पुढे असलेला मित्र. तो म्हणतो, "थांब, त्या नादाला लागू नको. मसुदा मला दाखव आधी."

आमची स्वतःची एक छोटी सावड आहे, तिच्याबद्दल सांगते. आम्ही पाच जण, सगळे अर्थशास्त्राचे. दोघं नांदेडचे, एक लोह्याचा, एक अहमदपूरची, एक लातूरचा. अहमदपूर साधारण मध्यावर पडतं म्हणून दोन महिन्यांतून एका रविवारी तिथं भेटतो, एरवी फोनवर. अध्यक्ष नाही, बॅनर नाही, फोटो नाही. प्रत्येकानं एक ठोस वस्तू आणायची एवढाच नियम. अर्धवट लिहिलेला पेपर, काढलेली प्रश्नपत्रिका, नाहीतर फसलेला तास. आमच्या लातूरच्या मित्रानं मागणीची लवचिकता लातूरच्या अडत बाजारातल्या तुरीच्या आणि सोयाबीनच्या भावावरून शिकवायला सुरुवात केली. पोरांच्या घरातच तो माल असतो, त्यामुळे भाव पडला की काय होतं हे त्यांना पुस्तकातून वाचावं लागत नाही. आता आम्ही पाचही जण तसंच शिकवतो. आमच्यातली सगळ्यात धाकटी तासिका तत्त्वावर आहे, आणि प्रश्नपत्रिका काढण्यात ती आम्हा चौघांना ऐकत नाही. पाठ करून सोडवता येणार नाही असा प्रश्न कसा काढायचा, हे आम्ही तिच्याकडून शिकलो.

तासिका तत्त्वाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलते. आमच्या ओळखीत एक गणिताचा मुलगा होता. सेट झालेला, पोरांचा लाडका. नऊ वर्षं तासावर शिकवलं. सुट्टी लागली की पगार बंद, जूनमध्ये पुन्हा नवी मुलाखत. एके दिवशी त्यानं शिकवणं सोडलं आणि सासऱ्यांच्या दुकानात बसायला लागला. महिनाभर कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण स्टाफ-रूममध्ये त्याची खुर्चीच ठरलेली नव्हती. सावड असती तर तो थांबला असता का? खरं सांगायचं तर बहुधा नसता थांबला. पगाराची जागा गप्पा घेऊ शकत नाहीत. म्हणूनच मला भीती वाटते, की उद्या कुणीतरी वरून म्हणेल, भरती राहू द्या, तुम्ही एकमेकांना मार्गदर्शन करा. तसं अजिबात चालणार नाही. सावडीला निदान एक-एक बैल तरी दोघांकडे लागतो. ज्याच्याकडे बैलच नाही त्याला सावडीचं महत्त्व सांगणं ही थट्टा झाली. रिकाम्या जागा भरणं हे सरकारचं काम आहे, ते सरकारनंच करायला हवं.

दुसरा आक्षेप आमच्याच लोकांचा. "अहो मॅडम, हे सगळं कँटीनमध्ये होतंच की!" होतं, मान्य. पण कुणाचं? कँटीनच्या टेबलाभोवती कोण बसतं ते एकदा नीट बघा. एका गावचे, एका गटाचे, बऱ्याचदा एका जातीचे, आणि बहुतेक पुरुष. बाई माणूस तास संपला की घरी पळते, कारण चारला मुलं शाळेतून येतात. तासिकावाला दुसऱ्या कॉलेजात पळतो. आपोआप होणारी सोबत आपोआप काही जणांना बाहेर ठेवते. म्हणून थोडं ठरवून करावं लागतं.

ठरवायचं काय? माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. गट चार-पाच जणांचाच असावा, आणि शक्यतो वेगवेगळ्या कॉलेजांतला. एकाच सेवाज्येष्ठता यादीतली दोन माणसं मनातलं बोलत नाहीत, हा मनुष्यस्वभाव आहे. दुसरं, कुणाचा अहवाल लिहिणारा किंवा मुलाखतीला बसणारा माणूस त्यात नको. तिसरं, तिथं बोललेलं तिथंच राहिलं पाहिजे. आणि चौथं, याला गुण आणि सर्टिफिकेट चुकूनही लावू नका. २०१० च्या नियमांनी एपीआयचे गुण आणले तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंय. जे मोजलं गेलं त्याचे ढीग लागले आणि जे मोजता येत नव्हतं ते आटलं. सावडीला गुण लावले की दुसऱ्या दिवशी तिची वेठ होते. विद्यापीठाला करायचंच असेल तर एवढंच करावं, की एका विषयाच्या शिक्षकांची चार जिल्ह्यांतली यादी सगळ्यांना उपलब्ध करून द्यावी, महिन्यातून एक दुपार मोकळी ठेवावी, लातूरच्या उपकेंद्रात आणि विष्णुपुरीला एकेक खोली द्यावी, आणि मग बाजूला व्हावं.

हे सगळं कशासाठी? आमच्या सोयीसाठी म्हणाल तर ते आहेच, पण तेवढंच नाही. एकटा पडलेला मास्तर हळूहळू वाईट शिकवायला लागतो. तो आळशी असतो म्हणून नव्हे. आपलं बरं चाललंय की वाईट, हे सांगणारं त्याला कुणीच उरत नाही. आणि त्याची किंमत देतं कंधारहून सकाळी सहाच्या एसटीनं आलेलं पोर. त्याच्या घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नसतं, त्यामुळे समोर चाललंय ते शिकवणं आहे की नुसता तास भरणं आहे, हेही त्याला कळायचा मार्ग नसतो.

असो. लेख लांबला. आमचा पुढचा रविवार ठरलाय, अहमदपूरला, सकाळी अकरा. यावेळी माझी पाळी आहे, आणि माझ्या पेपरचा तिसरा भाग काही केल्या जमत नाहीये. चौघं मिळून त्याच्या चिंध्या करतील, आणि ते झालेलं बरंच. तुमच्यापैकी कुणी शिकवत असाल, नांदेडला, लातूरला किंवा आणखी कुठं, तर दोन-तीन जण शोधा आणि सुरू करा. परवानगी कुणाचीच लागत नाही.